नववी रांग, चौदावी जागा

३ फेब्रुवारी

ताई,

दोन्ही हात जोडायची सोय राहिली नाही, तेव्हा डाव्या हाताचाच नमस्कार गोड मानून घे. अक्षर बघून घाबरू नकोस. पहिलीतलं पोरही याहून बरं लिहील, पण हे माझंच आहे. फोन करत नाही, कारण अर्धांगाच्या झटक्यानंतर जीभ अजून जड आहे. तू तिकडून 'काय? काय म्हणालास?' करतेस आणि मला रडू येतं. कागद 'काय' म्हणत नाही. यापुढे पत्रच.

कामावर परत घेतलं. साहेब भला माणूस आहे. दफनभूमीचं कार्यालय तेच, खिडकीजवळचं टेबल तेच, काम तेच, नकाशा काढायचं. रांगा, चौकोन, झाडं, नळ, पायवाटा. उजवा हात मात्र मांडीवर पडून असतो, सासरवाडीला आलेल्या जावयासारखा. कामाचा नाही आणि हलवताही येत नाही.

गाडं अडलंय माऊसपाशी. डाव्या हाताने बाण कसाबसा सरकवतो, पण बटण दाबायला गेलो की हात हलतो आणि टिचकी भलत्याच चौकोनावर बसते. त्यात उजवं बटण तर फार लागतं. आमच्या नकाशात उजवं बटण म्हणजे 'मागचंच पुन्हा कर'. एक झाड लावलं, उजवं बटण दाबलं, दुसरं झाड लागलं. शंभर झाडं असली की तेवढंच शंभर वेळा. माऊसच्या बटणांचं काम कीबोर्डवर घेता येतं असं कोणीतरी म्हणालं. तू त्याच धंद्यातली. काहीतरी कर बाई. महिनाभरात जमलं नाही तर साहेबांचा भलेपणाही पुरा पडायचा नाही.

बाबा बरे आहेत. दिवसभर खिडकीशी बसतात. इथे येऊन चार वर्षं झाली, पण इथली भाषा दोन शब्दांपुढे गेली नाही, 'पाव' आणि 'दार'. बोलायला मी एकटा, आणि माझी ही जीभ. आम्ही दोघं म्हणजे मुक्याच्या घरी बहिरा पाहुणा.

तुझा,
डावरा भाऊ


१९ फेब्रुवारी

ठोंब्या,

पत्र वाचून आधी रडले आणि मग तुझ्या जावयाला हसले. आता रडगाणं पुरे. कीबोर्ड थोडा डावीकडे ओढून घे. त्याच्या उजव्या टोकाला आकड्यांचा चौकोन आहे ना, तिथे ८ म्हणजे वर, २ म्हणजे खाली, ४ आणि ६ म्हणजे डावी-उजवी बाजू. आकडा दाबशील तसा बाण सरकेल. ५ म्हणजे माऊसचं डावं बटण. उजव्या बटणासाठी मी तुला उजवीकडची आल्ट ही कळ लावून दिली आहे. ती अंगठ्याने दाबायची. त्यासाठीचा छोटा प्रोग्राम ईमेलने पाठवला आहे. साहेबांना विचारून घे आणि मगच टाक, परस्पर उद्योग करू नकोस.

आता कान देऊन ऐक. काही देशांच्या कीबोर्डवर हीच उजवी आल्ट अक्षरांसाठी लागते. डोक्यावर टिंब किंवा रेघ असलेली अक्षरं तिच्याशिवाय उमटतच नाहीत. तुमच्या इथली भाषा त्यातलीच. तू लोकांची नावं टाइप करत असशील तर ही आल्ट चालणार नाही, मला दुसरं काही शोधावं लागेल आणि त्याला दीड-दोन महिने लागतील. नुसता नकाशा काढत असशील तर काही अडचण नाही. जे खरं असेल ते कळव.

तसा घाबरूही नकोस. आमच्या ऑफिसात सतरा देशांचे कीबोर्ड आहेत, सगळ्यांवर लावून बघितलंय. एका आल्टवर दोन कामं आली की प्रोग्राम थांबतो आणि तुला विचारतो. गुपचूप काही होणार नाही.

बाबांना सांग, मी उन्हाळ्यात येते. आणि त्यांच्याजवळ बसत जा रे. बोलता येत नसेल तर नुसता बस.

ताई


६ मार्च

ताई,

जमलं. तुझ्या तोंडात साखर पडो. पहिले चार दिवस बाण पिसाळलेल्या कुत्र्यासारखा सैरावैरा पळत होता, आता पट्ट्याला आलाय. साहेबांनी मागे उभं राहून पाहिलं आणि मान डोलावली. त्या एका मानेसाठी मी महिनाभर जीव टांगून होतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. नावं भरायला इथे वेगळी मुलगी आहे. मी नुसता नकाशा काढतो, पूर्वीसारखाच. उजवी आल्ट इथे कोणाच्या बापाला लागत नाही.

घरीही सराव करतो. साहेबांनी जुना कीबोर्ड घरी न्यायला दिलाय. बाबा आतून हाक मारतात, मी 'आलो' म्हणतो, आणि एवढा एक चौकोन गाठतो म्हणून तिथेच बसून राहतो. काल म्हणाले, "तुझा 'आलो' फार लांबून येतो रे." त्यांचं बोलणं अजून पूर्वीसारखंच आहे, जेवण मात्र कमी झालंय. डॉक्टर म्हणतात, वय आहे.

तुझा भाऊ


३० मार्च

बाळा,

निरोप मिळाला तेव्हा मी जिन्यात होते. तिथेच बसले. वरच्या मजल्यावरच्या बाई मला ओलांडून गेल्या.

मी येऊ शकले नाही. सुट्टी मिळाली नाही. कारण एवढंच आहे आणि ते लिहायलाही लाज वाटते. उन्हाळ्यात येते म्हणाले होते, बाबा उन्हाळ्यापर्यंत थांबले नाहीत. आयुष्यभर मी त्यांना पुढचीच तारीख देत आले.

तू होतास ना जवळ? शेवटी काय म्हणाले? सगळं लिही. काही गाळू नकोस, मला वाईट वाटेल म्हणून तर मुळीच गाळू नकोस.

ताई


१८ एप्रिल

ताई,

लिहायला उशीर झाला. हात धजत नव्हता.

शेवटी काही म्हणाले नाहीत. सकाळी चहा झाला, खिडकीशी बसले, आणि तिथेच गेले. मी जवळच होतो. त्रास झाला नाही. तेवढं मनाला समाधान असू दे.

'जिथे मरेन तिथेच ठेवा, मला घेऊन गावभर हिंडू नका' असं त्यांनी सांगूनच ठेवलं होतं. म्हणून इथेच ठेवलं, आमच्याच दफनभूमीत. खोदणाऱ्याने खड्डा नीट, चारी बाजू सरळ काढला. माझे बाबा म्हणून जास्त वेळ घेतला असावा. साहेब आले होते, शेजारची दोन माणसं होती. नववी रांग, चौदावी जागा. इथे लगेच दगड लावत नाहीत. माती बसायला आठ-नऊ महिने जाऊ देतात, तोवर नुसती लाकडी खुंटी. खुंट्या सगळ्या सारख्या, नाव-आकडा काही नाही, पावसात पुसून जातो म्हणून. कोण कुठे आहे ते नकाशावर असतं.

माझ्या खिडकीतून ती रांग दोनशे पावलांवर आहे. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत जाऊन येतो. तेव्हा तू काळजी करू नकोस, ते एकटे नाहीत.

तुझा भाऊ


२६ जानेवारी

ठोंब्या,

घरी पोचले. तुझ्याकडे चार दिवस राहिले त्यात तू मला एकदाही पोटभर बोलू दिलं नाहीस. आले तेव्हा तू कपाट आवरत होतास, गेले तेव्हा तू कपाट आवरत होतास. दफनभूमीत यायला म्हटलं तर पाय दुखतो. रोज दोनशे पावलं जाणाऱ्या माणसाचा पाय नेमका मी आल्यावर दुखावा? असो. रागावले नाही. तुझंही मन मला कळतं.

तुझ्या कार्यालयाने दिलेली छापील चिठ्ठी घेऊन एकटीच गेले. तू पत्रात चौदा लिहिलं होतंस, चिठ्ठीवर पंधरा. तुझी नेहमीची गडबड. दगड पंधरावर होता, बाबांचं नाव स्वच्छ कोरलेलं. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. गवत घोट्याएवढं वाढलं होतं रे. रोज येतोस तर एका हाताने चार काड्या उपटता येत नाहीत? शेजारची चौदावी जागा बघ, कशी लख्ख. तिथे एक म्हातारी बाई होती, निळ्या लोकरी टोपीची. झारीने पाणी घालत होती आणि दगडाशी सारखं बोलत होती, अगदी भांडल्यासारखं. मला एक शब्द कळला नाही. मला बघून तिने मान हलवली आणि झारी पुढे केली. मीही थोडं पाणी घातलं.

मग तासभर बसले. बाबांना सगळं सांगितलं. जे तुलाही सांगितलं नाही तेही सांगितलं. एकदा मोकळी झाले, आता हलकं वाटतंय. त्यांच्यापाशी कबूल केलं म्हणजे तुझ्यापाशीही करता येईल कधीतरी.

ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

आकड्याचं म्हणशील तर झटक्यापासून आकडे डोक्यात राहत नाहीत. यंत्र पंधरा म्हणतं, तर पंधराच. गवताचं बघतो.

एक विचारायचं होतं. माझं नाही, ऑफिसातल्या एकाचं आहे. समजा एखाद्याने तू दिलेली उजवी आल्ट माऊसचं बटण म्हणून लावली, आणि तोच माणूस तिने अक्षरंही टाइप करतो. प्रोग्राम थांबून विचारेल ना? तू तसं लिहिलं होतंस. पण समजा त्याने कधी विचारलंच नाही. अक्षर बरोबर उमटलं, सगळं ठीक दिसलं. तर आत काय होत असेल?

विचारतो अशासाठी, की गेल्या आठवड्यात ती निळ्या टोपीची बाई कार्यालयात आली. शिवणकाम करते. बोटांना सुयांच्या जखमा. गेल्या वर्षी तिचा नवरा गेला तेव्हा ती स्वतः मांडीचं हाड मोडून दवाखान्यात होती. नवऱ्याला माती त्याच्या कामावरच्या सोबत्यांनी दिली. तीन आठवड्यांनी ती कुबड्या घेऊन आली, आमच्याकडून छापील चिठ्ठी घेतली, नववी रांग, चौदा, आणि तेव्हापासून रोज येते. आता दहा महिन्यांनी एका सोबत्याने तिला त्या दिवशीचा फोटो दिला. फोटोत खड्ड्याच्या बरोबर मागे पाण्याचा नळ आहे. नळ तेराच्या मागे आहे, चौदाच्या नाही.

तिने फोटो टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मी कोणाशी बोलते आहे?"

मी म्हणालो, फोटो तिरका काढला असेल, नकाशा चुकत नाही. ती फोटो घेऊन गेली. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

लवकर लिही.

तुझा भाऊ


२ मार्च

बाळा,

ऑफिसातला एक म्हणे. मी तुला लंगोटात पाहिलंय. तो एक म्हणजे तूच आहेस. नावं भरणारी मुलगी वगैरे कोणी नाही, नावं तूच भरतोस. झटक्यानंतर त्यांनी तुझ्याकडून नकाशा काढून घेतला आणि तुला नावांवर बसवलं. बरोबर? आणि ते मला सांगायची तुला लाज वाटली.

आत काय होतं ते सांगते. आल्ट दाबून तू अक्षर काढतोस तेव्हा अक्षरही उमटतं आणि उजवं बटणही दाबलं जातं. तुमच्याकडे उजवं बटण म्हणजे मागचंच पुन्हा कर. मागचं काम साधं असेल तर काही बिघडत नाही. पण समजा त्याआधी तू रांगेतली नावं एकेक चौकोन पुढे ढकलली असशील, झाडाचं मूळ आलं म्हणून किंवा खडक आला म्हणून, तर तसलं एक अक्षर टाइप केलं की आख्खी रांग आणखी एक चौकोन पुढे जाते. तू बघत असतोस एका नावाकडे, आणि वरची नावं पडद्याबाहेर गुपचूप सरकतात.

प्रोग्रामने विचारलं नाही, कारण तो विचारतच नाही. मी खोटं लिहिलं. सतरा कीबोर्ड नव्हते. ऑफिसच नव्हतं. तुझं पहिलं पत्र आलं त्याच्या दोन महिने आधी मला कामावरून काढलं होतं. मी तो प्रोग्राम घरी, जेवणाच्या टेबलावर, माझ्या एकुलत्या एक कीबोर्डवर बघितला. त्यावर उजवी आल्ट काहीच करत नाही. बाकी सगळं अंदाजाने ठोकून दिलं. धाकट्या भावाला एवढीही मदत करता येत नाही असं कसं लिहायचं? बाबांच्या वेळी सुट्टीचा प्रश्नच नव्हता. काम नसताना देशाबाहेर पडले असते तर मला परत आत घेतलं नसतं. म्हणून नाही आले; डिसेंबरात दुसरं काम लागलं, तेव्हा कुठे जानेवारीत येता आलं. हेच सगळं मी तिथे बसून बाबांना सांगितलं.

तू एक थाप मारलीस, मी एक मारली. दोघांपैकी एकानेच मारली असती तर निभावलं असतं.

आता माझं ऐक. गप्प राहा. नकाशा हळूच नीट कर. दगड लागलेत, माती बसलीय, कोणी उकरून बघणार नाही. मेलेली माणसं तक्रार करत नाहीत. तू बोललास तर त्या टेबलावरून जाशील आणि या हाताने तुला दुसरं टेबल कोणी देणार नाही. कोणी विचारलंच तर सांग, बहिणीने चुकीचं लावून दिलं.

एक मात्र खरं सांग. बाबा चौदात आहेत की पंधरात?

ताई


२७ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं तोवर मी बोलून मोकळा झालो होतो. तेव्हा तुझा सल्ला वाया गेला, नेहमीसारखाच.

सगळं बरोबर ओळखलंस. नावांवरच बसवलंय मला, पहिल्या दिवसापासून. साहेबांनी नकाशा एका तरुण माणसाला दिला आणि मला म्हणाले, हे हलकं काम आहे, तुम्हाला झेपेल. 'हलकं' हा शब्द मला तुला लिहून कळवता आला नाही. तुझं ते आल्टचं पत्र आलं तेव्हा वाटलं, खरं सांगितलं तर दोन महिने थांबावं लागेल, तोवर हेही काम जाईल. आणि प्रोग्राम विचारणार आहेच, मग कशाला सांगा. तुझ्या थापेवर मी माझी रचली.

खोदणाऱ्याची एक वही आहे. रोज संध्याकाळी तो त्यात लिहितो, कुठली रांग, कितवा खड्डा, कोण. वीस वर्षांत ती वही कोणी उघडून पाहिली नव्हती, यंत्र असताना वही कोण बघतो. त्याच्या खोलीत बसून दोन दिवस मी आणि तो नावं ताडत होतो. त्रेसष्ट माणसं एकेक जागा पुढे सरकली आहेत. पाच रांगा. त्रेसष्ट दगड दुसऱ्याच्या डोक्याशी. मी वही घेऊन साहेबांकडे गेलो आणि सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही. आल्ट कोणीही लावून दिली असली तरी नावं मी भरत होतो. साहेब ओरडले नाहीत. महिनाअखेरीला मी जायचं असं ठरलं. त्रेसष्ट घरांना पत्रं गेली, तीही मीच लिहिली, माऊसच्या बटणाशिवाय.

बाबा चौदात आहेत. मी तुला लिहिलं होतं ते बरोबर होतं. माझं डोकं ठीक होतं ताई, मीच त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. तू पंधरावर बसलीस. तिथे एक ट्राम चालवणारा माणूस आहे. तुझं सगळं त्याने ऐकलं.

आता जे राहिलं ते. तू म्हणाली होतीस काही गाळू नकोस, आणि मी सगळंच गाळलं होतं. त्या सकाळी बाबांनी मला दोनदा हाक मारली. मी बाहेरच्या खोलीत कीबोर्ड घेऊन बसलो होतो. दोन्ही वेळा 'आलो' म्हणालो. तिसऱ्यांदा हाक आली नाही तेव्हा बरं वाटलं, म्हटलं झोप लागली असेल. तासाभराने आत गेलो. मी जवळ नव्हतो.

आणि रोज दुपारी जात होतो तेही खोटं. माती दिल्यापासून मी त्या रांगेत एकदाही गेलो नाही. खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि जेवण टेबलावरच. ही सगळ्यात मोठी चूक आहे, आल्टची नाही. खड्डा मी डोळ्यांनी पाहिला होता. दगड लागल्यावर एकदा जरी गेलो असतो तरी कळलं असतं की बाबा त्यांच्या नावाच्या दगडाखाली नाहीत, शेजारच्या जागेत आहेत. इतर बासष्ट घरांचंही तेव्हाच निस्तरलं असतं.

शिवणकामवाल्या बाईकडे मी स्वतः गेलो. तिच्या खोलीत कापडांचे ढीग, बसायला जागा नाही. उभ्यानेच सांगितलं. तुमचे यजमान तेरात आहेत. तुम्ही चौदाशी बोलत होतात. चौदात माझे वडील आहेत. ती बराच वेळ हातातली सुई कापडात टोचत राहिली. मग चिडली, आणि चांगली चिडली. म्हणाली, दहा महिने मी त्याला काय काय सांगितलं माहीत आहे? पायाचं दुखणं, घरमालक, त्याची बहीण, आम्ही तीस वर्षांपूर्वी केलेलं भांडण. सगळं एका परक्या माणसाला. मी म्हणालो, त्यांना तुमची भाषा येत नव्हती. फक्त 'पाव' आणि 'दार' एवढंच. हे ऐकून तिने सुई बाजूला ठेवली. नंतर विचारलं, माणूस कसा होता? खिडकीशी बसायचे, एवढंच म्हणालो.

काल वर्ष झालं. दुपारी जेवणाची घंटा झाली आणि मी उठलो. दोनशे नाही, दोनशे चाळीस पावलं आहेत. बाई तिथेच होती. दगड अजून हलवलेले नाहीत. ती आधी तेरापाशी दहा मिनिटं बसली, नवीन ठिकाणी गेल्यावर बसतात तशी अवघडून. मग उठली आणि चौदापाशी आली. म्हणाली, सवय झाली आहे, आणि या माणसाला दहा महिन्यांनी एकदम सोडून देणं बरं दिसत नाही. झारीतलं पाणी घातलं. गवत कुठेच नव्हतं, तिने कधी वाढूच दिलं नव्हतं. ताई, या वर्षभरात बाबांजवळ बसून रोज बोलणारं माणूस ते एकच होतं. आपण दोघांनी मिळून त्यांना तेवढं दिलं, तेही चुकून.

मी मागे उभा होतो. बाईने वळून माझ्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि दगडापाशी तोंड नेऊन तिच्या भाषेत हळूच म्हणाली, "आला बघ तुझा मुलगा."

बाबांना ती भाषा येत नव्हती. मला येते.

तुझा भाऊ